जुन्या फ्लॅटचं किचन-बाथरूम नव्याने करताय? टाइल्स निवडण्याआधी पाइप, डक्ट आणि स्लॅब बघा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत 25-30 वर्षं जुन्या इमारतीत रिसेलचा फ्लॅट घ्यायचा आणि राहायला जाण्याआधी किचन-बाथरूम नवीन करून घ्यायचं, हे आता ठरल्यासारखंच झालं आहे. मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ तालुक्यांतली अनेक कुटुंबं मुलांच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अशाच वन रूम किचन आणि वन बीएचकेमध्ये येतात. गावच्या घरात मागचं अंगण असतं, मोरी ऐसपैस असते. इथे 35-40 चौरस फुटांत सगळं बसवायचं असतं. मग मोबाइलवरचा फोटो ठेकेदाराला दाखवला जातो, "असं करून द्या" म्हणून सांगितलं जातं आणि दुसऱ्या दिवशी हातोडा सुरू होतो.

फोटोत न दिसणाऱ्या तीन गोष्टी मात्र सगळं ठरवतात. सांडपाण्याचा उभा पाइप कुठे आहे, डक्ट कोणत्या बाजूला आहे आणि स्लॅब कुठे खाली घेतलेला आहे. या तीन गोष्टी धरून आखणी केली तर छोट्या जागेतही चांगलं काम होतं. त्यांच्या विरोधात जाऊन केली तर खर्च वाढतो, खालच्या घरात गळती लागते, आणि इमारत थकलेली असेल तर याहून वाईट घडू शकतं.

कल्याणची घटना विसरू नका

20 मे 2025 रोजी कल्याण पूर्वेत सप्तशृंगी नावाच्या चार मजली इमारतीचा वरचा स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब फोडत थेट तळाशी आला. सहा जणांचा जीव गेला. त्यात लहान मूलही होतं. चौथ्या मजल्यावर त्या वेळी फरशीचं काम सुरू होतं. विनापरवाना काम केल्याप्रकरणी पुढे गुन्हाही दाखल झाला. इमारत साधारण तीस वर्षांची होती, म्हणजे आपल्याकडे "अजून चांगली आहे की" म्हणतात त्या वयाची.

फरशी बदलण्यासारख्या साध्या कामात एवढं काय असतं? वजनाचा हिशेब करून बघा. राहत्या घरात माणसं, सामान, फर्निचर असं मिळून स्लॅबवर चौरस मीटरला 200 किलो भार येईल असं भारतीय मानकानुसार धरतात. चौरस फुटाच्या भाषेत हे साधारण साडेअठरा किलो होतात. जुन्या फरशीवरच दीड इंच मसाला घालून नवीन टाइल्स बसवल्या, तर चौरस फुटाला 9 ते 10 किलो वजन कायमचं वाढतं. म्हणजे निम्मी क्षमता तिथेच खर्ची पडली. दहा बाय बाराच्या खोलीत हा आकडा अकराशे-बाराशे किलोवर जातो. त्यात काम सुरू असताना सिमेंटच्या 50 किलोच्या गोण्या, रेती, टाइल्सची खोकी आणि फोडलेला राडारोडा एकाच कोपऱ्यात रचलेला असतो. वीस गोण्या म्हणजे एक टन. वर ब्रेकर मशीनचे हादरे.

त्या काळच्या बऱ्याच बांधकामात खाडीची रेती वापरली गेली. मुंब्रा, डोंबिवली इथली रेतीबंदर ही नावं त्याच धंद्यातून आलेली आहेत. रेती नीट धुतलेली नसेल तर तिच्यातलं मीठ आतल्या सळया गंजवतं. सळई गंजली की फुगते आणि स्लॅबचं प्लास्टर पोपडे धरून खाली येतं. बाथरूमच्या छताला असे पोपडे दिसत असतील, सळई उघडी पडली असेल, तर तो रंगकामाचा विषय राहत नाही. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.

खर्च करण्याआधी कागद बघा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळू नका. पहिला प्रश्न सोसायटीला विचारा की शेवटचं स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं. 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी करून स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला महापालिकेला देणं कायद्याने बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतींचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढतात. त्यातली सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-2 ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2 बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्त करता येईल अशी आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तुमची इमारत यांपैकी कशात आहे का, हे प्रभाग कार्यालयात विचारता येतं.

दुसरा प्रश्न इमारत अधिकृत आहे का हा. डोंबिवलीतल्या 65 बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. तिथल्या कुटुंबांनीही घर घेताना किचन-बाथरूमवर पैसे घातलेच असतील. तिसरा प्रश्न रीडेव्हलपमेंटचा. बोलणी पुढे गेली असतील तर आयात केलेलं ग्रॅनाइट आणि भिंतीत गाडलेल्या फिटिंग्ज यांवर पैसे घालू नका. गळती थांबवा, नळ बदला, ओटा नीट करा, बास.

सोसायटीची परवानगी लेखी घ्या. काय फोडणार, काय हलवणार, किती दिवस लागणार आणि राडारोडा कुठे नेणार, हे अर्जात लिहा. भिंत काढायची असेल किंवा संडास-बाथरूमची जागा बदलायची असेल तर सोसायटीचं पत्र पुरत नाही. परवानाधारक इंजिनीअरचा सल्ला लागतो आणि महापालिकेच्या नगररचना विभागात विचारणा करावी लागते.

कोणती भिंत काढता येते, हे ठोकून आवाजावरून ठरवू नका. जुन्या तीन-चार मजली इमारतींत कॉलम दिसत नसतील आणि भिंती सगळीकडे नऊ इंची असतील, तर भिंतींवरच इमारत उभी असण्याची शक्यता मोठी. चार इंची भिंत बहुतेक वेळा नुसता आडोसा असते, पण "बहुतेक वेळा" वर घर चालत नाही.

बाथरूम जिथे आहे तिथेच राहू द्या

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. बाथरूमखालचा स्लॅब मूळ बांधकामातच नऊ इंच ते एक फूट खाली घेतलेला असतो. त्याला सनक म्हणतात. त्यात पाइप आणि ट्रॅप बसतात आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. हा कोबा जड असतो. नऊ इंचाचा कोबा चौरस फुटाला जवळपास 40 किलो भरतो. चार बाय सातच्या बाथरूममध्ये हेच अकराशे किलो होतात. मूळ जागी हे वजन हिशेबात धरलेलं असतं. तेच बाथरूम बेडरूमच्या कोपऱ्यात नेलं तर तिथे सनक नसतो. मग जमीन आठ-नऊ इंच उचलावी लागते, वजन नको त्या जागी पडतं, आत जायला पायरी होते आणि घरातल्या आजी-आजोबांचा पाय तिथेच अडकतो.

शिवाय तुमच्या नव्या बाथरूमखाली दुसऱ्याचं देवघर किंवा स्वयंपाकघर येतं. उद्या थेंब पडला की भांडण ठरलेलं. उपविधींनुसार संडास, सिंक, मोरी अशा अंतर्गत गळतीच्या दुरुस्तीचा खर्च संबंधित सभासदाने करायचा असतो. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येणारं पाणी सोसायटीच्या खात्यात जातं.

दुसरं बाथरूम हवंच असेल तर जुन्या बाथरूमला लागून, त्याच डक्टच्या बाजूला करा. भरावासाठी विटांच्या तुकड्यांऐवजी एएसी ब्लॉकचे तुकडे वापरले तर वजन साधारण तिसऱ्या हिश्शावर येतं. आडोशाच्या भिंतीलाही हेच लागू. विटांची चार इंची, नऊ फूट उंचीची प्लास्टर केलेली भिंत धावत्या फुटाला दोनशे किलोच्या वर जाते. एएसी ब्लॉकची त्याच्या निम्म्याहून कमी.

आता आतली मांडणी. जुन्या वन बीएचकेमध्ये संडास वेगळा आणि बाथरूम वेगळं असतं. मधली भिंत काढून एक मोठं, फोटोतल्यासारखं बाथरूम करायची हौस बऱ्याच जणांना असते. घरात दोघंच असतील तर करा. पण घरात पाच माणसं असतील, तिघांना सकाळी सात-सव्वासातची लोकल पकडायची असेल आणि एकाला शाळेची व्हॅन, तर ती भिंत काढणं म्हणजे रोज सकाळी रांग लावणं. वेगळा संडास, वेगळी न्हाणी आणि वॉश बेसिन दोन्हींच्या बाहेर पॅसेजमध्ये. ही चाळीच्या काळातली मांडणी दिसायला जुनाट आहे, पण एका वेळी तीन माणसं वापरू शकतात.

एकत्रच करायचं असेल तर दाराजवळ बेसिन, मग कमोड आणि शेवटी खिडकीखाली आंघोळीची जागा, असा क्रम ठेवा. कोरडं आधी, ओलं शेवटी. राष्ट्रीय इमारत संहितेत किमान मापं दिलेली आहेत. नुसत्या न्हाणीसाठी 1.8 चौरस मीटर, संडासासाठी 1.1 आणि एकत्रित असेल तर 2.8 चौरस मीटर, म्हणजे साधारण 30 चौरस फूट. एकत्रित बाथरूमची रुंदी 1.2 मीटरहून कमी नको. कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून 15 इंच आणि समोर 21 इंच मोकळी जागा एवढं तरी हवं. खडूने जमिनीवर आखा आणि प्लास्टिकचं स्टूल ठेवून बसून बघा. गुडघे दाराला लागतात का, हे त्यात लगेच कळतं.

कमोड विकत घेण्याआधी आउटलेट जमिनीतून आहे की भिंतीतून, आणि भिंतीपासून किती इंचावर आहे, हे मोजून दुकानात जा. माप चुकलं की प्लंबर जोड देऊन वेळ मारून नेतो आणि तिथेच पुढे तुंबतं. भिंतीला टांगलेला कमोड स्वच्छतेला बरा, पण चार इंची भिंतीच्या जिवावर टांगू नका. त्याला जमिनीवर उभी राहणारी लोखंडी फ्रेम लागते आणि ती सहा-आठ इंच जागा खाते.

उतार हा दिसत नाही, पण रोज जाणवतो. न्हाणीच्या जमिनीला दर आठ फुटांना साधारण एक इंच ढाळ जाळीकडे हवा आणि न्हाणीची पातळी बाहेरच्या फरशीपेक्षा पाऊण-एक इंच खाली. मोठ्या टाइल्सना चारी बाजूंनी ढाळ देता येत नाही, म्हणून जमिनीला एक बाय एक फुटाच्या खरबरीत टाइल्स बऱ्या पडतात. चकचकीत टाइल्स भिंतीला लावा. म्हातारी माणसं असतील तर कमोडशेजारी 33 ते 36 इंचांवर स्टीलचा दांडा बसवा, तोही भिंत बंद करण्याआधी जागा ठरवून. दार बाहेर उघडणारं असेल तर आत कोणी पडलं तरी उघडता येतं.

वॉटरप्रूफिंगमध्ये हात आखडता घेऊ नका. जुना कोबा काढला असेल तर स्लॅब साफ करून कोटिंगचे दोन हात, ते भिंतीवर किमान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला पाच-सहा फूट चढवून. मग ट्रॅप बंद करून दोन-तीन इंच पाणी भरायचं आणि 48 तास तसंच ठेवायचं. खालच्या शेजाऱ्याला आधी सांगा, त्याच्या छताचा फोटो काढा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा. ठेकेदार म्हणेल, "चोवीस तास पुरे." ऐकू नका. हीच चाचणी कोबा आणि पाइप झाल्यावर, टाइल्सच्या आधी, पुन्हा एकदा करा.

किचन: ओटा कोणासाठी, हे आधी ठरवा

ओट्याची उंची ठेकेदार न विचारता 34 किंवा 36 इंच धरतो. रोज उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं कोपर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. पाच फुटांच्या आसपास उंची असेल तर 32 इंच पुरतात. चार इंच जास्तीचा ओटा म्हणजे खांदे वर उचलून पोळ्या लाटणं. कणीक मळायला, भाकरी थापायला याहून खालची पातळी लागते, कारण त्यात अंगाचा भार टाकावा लागतो. जागा असेल तर ओट्याच्या टोकाला दोन फुटांचा तुकडा 28 इंचांवर घ्या. आगरी-कोळी, कुणबी घरांत जिथे तांदळाची भाकरी रोजची आहे तिथे या तुकड्याचा उपयोग मॉड्युलर ट्रॉल्यांपेक्षा जास्त होतो.

मासळी आणि पालेभाजी धुण्याची जागाही आधीच धरा. जुन्या किचनमध्ये कोपऱ्यात छोटी मोरी असायची. नवीन करताना ती सगळ्यात आधी काढली जाते आणि मग सुरमई-बांगडे सिंकमध्ये साफ होतात, खवले अडकून पाइप तुंबतो. किचनला लागून बाल्कनी किंवा ड्राय एरिया असेल आणि तिथे मूळचा पाण्याचा निचरा असेल, तर एक खोल सिंक तिथे बसवा. निचरा नसेल तर पावसाच्या पाण्याच्या पाइपात सांडपाणी सोडू नका. मग आतल्याच सिंकला जाळीचा डबा आणि खाली उघडता येणारा बॉटल ट्रॅप ठेवा.

सिंक शक्यतो मूळ जागेजवळच, डक्टच्या बाजूला. दोन-तीन फूट सरकवलं तर चालतं, पण पाइपाला उतार मिळाला पाहिजे. समोरच्या भिंतीला नेलं तर पाइप फरशीखालून न्यावा लागतो आणि स्लॅबला खाचा पाडायची वेळ येते. स्लॅबला खाच पाडायची नाही, बीम आणि कॉलमला तर मुळीच नाही. भिंतीतही आडव्या लांब खाचा टाळा, उभ्या घ्या. किचनचा पाइप दोन-अडीच इंची आणि संडासाचा चार इंची असतो, दोन्ही आडवे एकमेकांत जोडायचे नाहीत.

शेगडी आणि सिंक यांच्यात किमान दीड-दोन फूट सपाट जागा हवी. तिथेच चिरणं, वाढणं, गरम भांडं टेकवणं होतं. शेगडी थेट खिडकीसमोर नको, वाऱ्याने आच विझते आणि गॅस पसरतो. फ्रिज ओट्याच्या टोकाला आणि त्याचं दार ओट्याच्या बाजूला उघडणारं. एका बाजूचा ओटा असेल तर समोर निदान तीन फूट मोकळं, दोन्ही बाजूंना असतील तर मधे साडेतीन ते चार फूट. जुन्या इमारतीतलं सहा-सात फूट रुंदीचं किचन असेल तर दोन ओट्यांचा नाद सोडा. दुसऱ्या भिंतीला फूटभर खोलीची मांडणी करा. डबे एका रांगेत दिसतात, मागे काही हरवत नाही.

संहितेत किचनसाठी किमान 5 चौरस मीटर क्षेत्र आणि 1.8 मीटर रुंदी धरली आहे. अनेकजण हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत काढून किचन उघडं करतात. भिंत भार घेणारी नसली तरी फोडणीचा धूर आणि मासळीचा वास हॉलमध्ये झोपणाऱ्यांकडे जातो हे लक्षात घ्या. वन बीएचकेमध्ये हॉलमध्ये कोणीतरी झोपतंच. चिमणीचा पाइप डक्टमध्ये सोडला तर वास वरच्यांच्या बाथरूममध्ये शिरतो. तो बाहेरच्या भिंतीतून काढा.

पाणी, गॅस, वीज

कल्याण-डोंबिवलीला उल्हास नदीचं पाणी, एमआयडीसी भागाला बारवी धरणाचं, ठाण्याला बराचसा पुरवठा भातसा आणि उल्हासमधून. धरणं जवळ असली तरी पाणी ठरल्या वेळेलाच येतं आणि दुरुस्तीच्या दिवशी येतच नाही. त्यामुळे साठवणीची जागा आराखड्यातच हवी. बहुतेक घरांत ती बाथरूमच्या माळ्यावर असते. 500 लिटरची टाकी भरली की अर्धा टन होते. जुना माळा दोन-अडीच इंच जाडीचा असतो आणि तो डबे ठेवायला केलेला असतो. एका मोठ्या टाकीऐवजी 100-150 लिटरच्या दोन टाक्या, भिंतीलगत, आणि माळा आधी इंजिनीअरला दाखवून. खाली पिंप ठेवणार असाल तर त्याचीही दोन बाय दोन फूट जागा आधीच सोडा. नाहीतर ते दारामागे येतं आणि दार अर्धंच उघडतं.

घरात शिरणाऱ्या पाइपवर एक आणि बाथरूम, किचनला वेगवेगळा असे तीन स्टॉप कॉक, हात पोचेल अशा जागी लावा. रात्री अकरा वाजता नळ तुटला की त्यांची किंमत कळते.

महानगर गॅसची पाइपलाइन असेल तर मीटर आणि पाइप ट्रॉलीच्या मागे किंवा बंद कपाटात गाडू नका. तिथे हवा खेळती हवी आणि व्हॉल्व्ह सहज बंद करता आला पाहिजे. जागा हलवायची असेल तर कंपनीकडे अर्ज करून त्यांच्याच माणसाकडून करून घ्या, साध्या प्लंबरकडून नाही. सिलिंडर असेल तर तो उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर, कपाटाच्या दाराला खाली जाळी. सुरक्षा रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते.

गॅसचा गीझर बाथरूमच्या आत कधीही नको. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आंघोळीला गेलेला माणूस बाहेर येत नाही. विजेचा गीझर असेल तर त्याला स्वतंत्र वायर, 16 अँपिअरचा पॉइंट, बाथरूमबाहेर स्विच, चांगलं अर्थिंग आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. जुन्या इमारतीत अर्थिंगची वायर नुसती लोंबत असते. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून तपासून घ्या. किचनमध्ये मिक्सर, मायक्रोवेव्ह, फिल्टर, फ्रिज यांचे पॉइंट ओट्याच्या वर आठ-नऊ इंचांवर आणि सिंकपासून लांब.

तळमजल्यावर राहत असाल तर आणखी एक. 26 जुलै 2005 च्या पुरात कल्याण आणि आसपासच्या सखल भागांत तळमजल्यांवर पाणी शिरलं होतं, तेव्हापासून मुसळधार पावसात तीच भीती असते. अशा घरात ओट्याखाली साध्या प्लायच्या ट्रॉल्या म्हणजे पैसे पाण्यात. कडप्प्याचे किंवा स्टीलचे उघडे खण करा, पॉइंट वर घ्या आणि न्हाणीच्या जाळीतून गटाराचं पाणी उलट येऊ नये म्हणून बाहेरच्या चेंबरपाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या.

गावचं घर करताना

मुरबाड-शहापूरकडे घराला मागून संडास-बाथरूम जोडण्याची कामं जोरात आहेत. तिथे स्लॅबचा प्रश्न नसतो, जमिनीचा असतो. शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान 60 फूट लांब आणि शक्यतो उताराच्या खालच्या अंगाला. दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एका वेळी एकच खड्डा चालू, दुसरा बंद. दोन्ही एकदम जोडले तर दोन खड्डे करण्याचा उपयोगच राहत नाही. न्हाणीचं साबणाचं पाणी त्यात सोडू नका, ते परसातल्या केळी-अळूला वेगळं वळवा.

काम कोणत्या क्रमाने

तोडफोड एका वेळी एकाच ओल्या जागेची. संडास चालू राहील अशी सोय आधी, नाहीतर पंधरा दिवस शेजाऱ्यांकडे जावं लागतं. राडारोडा रोज संध्याकाळी गोण्यांत भरून खाली, गॅलरीत किंवा खोलीच्या मध्यभागी ढीग नको. माल लागेल तसा दोन-तीन दिवसांपुरता मागवा आणि भिंतींच्या कडेला पसरून ठेवा. जुनी फरशी काढायला ब्रेकर नको, छिन्नी-हातोडा. वेळ जास्त लागतो, मजुरी वाढते, तरी तेच करा. फरशी भक्कम असेल आणि इंजिनीअरने हो म्हटलं असेल, तर ती न काढता वर पातळ ॲडहेसिव्हने टाइल्स बसवता येतात. वजन मसाल्याच्या कामाच्या पाव पटीच्या आसपास राहतं. दारं मात्र खालून तासावी लागतील.

पैसे कमी पडायला लागले की लोक आधी पाइप आणि वायरिंगमध्ये काटकसर करतात, कारण ते झाकलं जाणार असतं. उलट करा. पाइप, वॉटरप्रूफिंग, वायरिंग, मग टाइल्स, आणि ट्रॉल्या सगळ्यात शेवटी. ट्रॉल्या पुढच्या दिवाळीलाही करता येतात. भिंतीतला सीपीव्हीसी पाइप बदलायला भिंत फोडावी लागते.

टाइल्स लागण्याआधी प्रत्येक भिंतीचे आणि जमिनीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, पाइप आणि वायर नेमकी कुठून गेली आहे ते दिसेल असे. पुढे पडदा, आरसा किंवा दांडा लावायला ड्रिल मारताना हेच फोटो बघायचे. प्रत्येक टाइल्सची सहा-आठ जास्तीची नगं घरात ठेवा, दोन वर्षांनी तोच रंग बाजारात मिळत नाही. ठेकेदाराची शेवटची दहा टक्के रक्कम, सगळे नळ एकदम सोडून, सिंक काठोकाठ भरून रिकामं करून आणि खालच्या शेजाऱ्याचं छत पुन्हा एकदा बघून आल्यावरच द्या.